बिंग क्रॉस्बी : घरोघरचा आवाज

गाणे ऐकायचे तर पूर्वी श्रोत्याला गायकाकडे जावे लागे. तबकडी आणि नभोवाणी आल्यावर गायकच श्रोत्याच्या घरी येऊ लागला. हा बदल यंत्रांनी घडवून आणला हे खरे. परंतु परक्याच्या घरात शिरल्यावर किती मोठ्याने बोलावे, कोणत्या सुरात बोलावे, हे यंत्र शिकवीत नाही. ते एखाद्या कलावंतालाच शोधून काढावे लागते. अमेरिकन लोकप्रिय संगीतात हा शोध घेणाऱ्यांमध्ये बिंग क्रॉस्बी याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. नाताळच्या गाण्यांचा गायक म्हणून तो जगाला ठाऊक आहे. पण त्या गाण्यांमागचे आयुष्य तेवढे सरळ आणि सुखाचे नव्हते. म्हणूनच ते जाणून घेण्यासारखे आहे.

हॅरी लिलिस क्रॉस्बी याचा जन्म ३ मे १९०३ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टाकोमा येथे झाला. सात भावंडांत त्याचा क्रमांक चौथा. १९०६ मध्ये हे कुटुंब त्याच राज्यातील स्पोकेन या गावी राहावयास गेले. वडील मद्याच्या कारखान्यात हिशेबनीस होते. घरचे वातावरण कॅथलिक, आईची शिस्त कडक. वर्तमानपत्रात येणारे बिंगव्हिल नावाच्या काल्पनिक गावाचे विनोदी सदर या मुलाला फार आवडे. त्यावरून त्याला ‘बिंग’ हे टोपणनाव पडले आणि ते जन्मभर टिकले.

१९१७ च्या उन्हाळ्यात स्पोकेनच्या नाट्यगृहात रंगमंचाच्या मागे सामानाची ने-आण करण्याचे काम त्याला मिळाले. तेथे त्याने अल जोल्सन या त्या काळच्या विख्यात गायकाला जवळून पाहिले. जोल्सन नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज भिडवणारा गायक होता. हातवारे, धावपळ, उंच पट्टी, सारे काही भव्य. या मुलाच्या मनावर त्या गाण्याने मोहिनी घातली. पुढे त्याने स्वतः जी वाट धरली ती मात्र नेमकी उलट दिशेची होती.

गोन्झागा येथे तो कायद्याचे शिक्षण घेऊ लागला. पण त्याचे चित्त पुस्तकात नव्हते. त्याने टपालाने ढोल-झांजांचा संच मागवला आणि अल रिंकर या मित्राच्या वाद्यवृंदात तो वाजवू आणि गाऊ लागला. पदवी बाजूला राहिली. १९२५ मध्ये हे दोघे मित्र एका जुन्या फोर्ड मोटारीतून लॉस एंजेलिसला निघाले. रिंकरची बहीण मिल्ड्रेड बेली तेथे गात असे. तिच्या आधाराने त्यांना कामे मिळाली आणि १९२६ मध्ये पॉल व्हाइटमन या नामांकित वाद्यवृंद-संचालकाने दोघांना आपल्याकडे घेतले. हॅरी बॅरिस तिसरा मिळाला आणि ‘रिदम बॉइज’ हे त्रिकूट तयार झाले.

येथे एक योगायोग लक्षात घेतला पाहिजे. १९२५ च्या सुमारासच ध्वनिमुद्रणाची पद्धत बदलली. तोपर्यंत गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. आता मायक्रोफोन आला. कुजबूजही तबकडीवर उमटू लागली. अनेक जुने गायक मायक्रोफोनसमोरही पूर्वीसारखेच ओरडत राहिले. क्रॉस्बीला मात्र उमगले की, या यंत्रासमोर सभा भरलेली नसते. दिवसभराच्या कामाने थकून खुर्चीत बसलेला एकच माणूस पलीकडे असतो. मग त्याच्याशी बोलावे तसे गायचे. शब्द स्वच्छ उच्चारायचा, सूर खालच्या पट्टीत मोकळा सोडायचा आणि तालाशी किंचित लाडीगोडी करायची. हे तालाचे अंग त्याने लुई आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय जाझ कलावंताकडून घेतले. त्याचे ऋण तो विसरला नाही. १९३६ च्या ‘पेनीज फ्रॉम हेवन’ या चित्रपटात आर्मस्ट्राँगला भूमिका मिळावी आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत ठळकपणे यावे, असा आग्रह क्रॉस्बीने धरला. वर्णभेदाने ग्रासलेल्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

आरंभीची वर्षे मात्र बेफिकिरीची होती. मद्यपानामुळे त्याच्या हातून संधी निसटत. व्हाइटमनच्या ‘किंग ऑफ जाझ’ या बोलपटाच्या वेळी दारूच्या नशेत झालेल्या मोटार-अपघातामुळे त्याला तुरुंगात जावे लागले आणि त्याच्यासाठी ठरलेले मोठे गीत दुसऱ्या गायकाला गेले. १९३० मध्ये डिक्सी ली या अभिनेत्रीशी त्याचा विवाह झाला. त्या वेळी त्याच्यापेक्षा तिचेच नाव अधिक होते. हळूहळू तो सावरला. २ सप्टेंबर १९३१ रोजी नभोवाणीवर त्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला आणि अल्पावधीतच हा आवाज घरोघर पोहोचला.

त्या सुमारास अमेरिकेत मंदी होती. तबकड्यांचा व्यापार जवळजवळ बुडाला होता. १९३४ मध्ये डेक्का ही नवी कंपनी निघाली आणि तिने ७५ सेंटऐवजी ३५ सेंटला तबकडी विकण्याचे धाडस केले. या धाडसाचा मुख्य आधार होता क्रॉस्बी. कंपनीचा चालक जॅक कॅप याने त्याला एकाच साच्यात अडकू दिले नाही. प्रेमगीते, गुराख्यांची गाणी, हवाईची गाणी, आयरिश गाणी, भक्तिगीते, सारे काही त्याच्याकडून गाऊन घेतले. १९३५ मध्ये ‘सायलेंट नाइट’ हे नाताळचे स्तोत्र मुद्रित करण्यास क्रॉस्बी प्रथम कचरत होता. पवित्र गीतावर पैसा मिळवणे त्याला बरे वाटेना. अखेर त्याचे उत्पन्न धर्मादाय कार्याला देण्याचे ठरले, तेव्हा तो तयार झाला. ती तबकडी अफाट खपली.

यानंतर आले ते गीत, ज्याने त्याचे नाव नाताळशी कायमचे जोडले. अर्व्हिंग बर्लिन हा रशियातून लहानपणी अमेरिकेत आलेला ज्यू संगीतकार. वर्षातील सणांवर आधारलेल्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटासाठी त्याने गाणी रचली. त्यांतले नाताळचे गीत म्हणजे ‘व्हाइट ख्रिसमस’. मुळात ते कॅलिफोर्नियाच्या उबदार हवेत बसून दूरच्या बर्फाची आठवण काढणाऱ्या माणसाचे गाणे आहे. बर्लिनचा धर्म वेगळा, सण वेगळा. शिवाय त्याचे अवघ्या काही आठवड्यांचे बाळ १९२८ च्या नाताळच्याच दिवशी दगावले होते. त्या गाण्यात आनंदापेक्षा हुरहूर अधिक आहे, ती कदाचित यामुळेच.

क्रॉस्बीने ते प्रथम २५ डिसेंबर १९४१ रोजी नभोवाणीवर गायले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हा अठराच दिवस झाले होते. २९ मे १९४२ रोजी, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, त्याचे ध्वनिमुद्रण झाले. काम अवघ्या अठरा मिनिटांत आटोपले. चित्रपटातले दुसरेच एक प्रेमगीत गाजेल अशी सर्वांची अटकळ होती. पण शरद ऋतू येताच सैनिकांच्या नभोवाणी केंद्रांकडे याच गाण्याची मागणी येऊ लागली. पॅसिफिकच्या बेटांवर आणि आफ्रिकेच्या वाळवंटात असलेल्या तरुणांना त्यात आपले घर दिसले. त्या वर्षी हे गीत अकरा आठवडे विक्रीच्या यादीत पहिले राहिले आणि त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. इतक्या प्रती काढाव्या लागल्या की मूळ साचा झिजला. म्हणून १९ मार्च १९४७ रोजी त्याच वाद्यवृंदासह ते पुन्हा मुद्रित करावे लागले. आज आपण बहुधा हे दुसरे ध्वनिमुद्रण ऐकतो. त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचा अंदाज आहे.

१९४४ मध्ये क्रॉस्बी इंग्लंड आणि फ्रान्समध्ये सैनिकांपुढे गाण्यासाठी गेला. तेथेही याच गाण्याची फर्माईश होई. हसणारे सैनिक ते ऐकताच रडू लागत, आणि उद्या आघाडीवर जाणाऱ्या त्या मुलांपुढे स्वतःचा आवाज स्थिर ठेवणे त्याला जड जाई. आनंद देण्यासाठी आलेल्या माणसाने दुःख जागे करावे, हे त्याला पटत नसे. तरी मागणी आली की त्याने ते गायलेच पाहिजे. त्याच वर्षी ‘गोइंग माय वे’ या चित्रपटातील धर्मगुरूच्या भूमिकेने त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवून दिले.

अल्बम हा शब्द आज आपण सहज वापरतो. त्याचा मूळ अर्थ छायाचित्रांच्या वहीसारखा बांधलेला तबकड्यांचा संच. १९४५ मध्ये डेक्काने क्रॉस्बीची नाताळची दहा गाणी पाच तबकड्यांच्या अशा संचात आणली. पुढे ती दीर्घ चालणाऱ्या तबकडीवर आली आणि दरवर्षी डिसेंबरात पुन्हा विकली जाऊ लागली. ऋतूबरोबर परतणाऱ्या तबकडीचा हा पायंडा पुढच्या असंख्य गायकांनी गिरवला. चित्रपटातील गाण्यांच्या अल्बमांची गोष्ट मात्र गमतीची आहे. १९५४ च्या ‘व्हाइट ख्रिसमस’ या चित्रपटाची नायिका-गायिका रोझमेरी क्लूनी हिचा करार दुसऱ्या कंपनीशी होता. त्यामुळे डेक्काच्या अल्बमवर तिची गाणी पेगी लीने गायली आणि क्लूनीने आपला वेगळा अल्बम काढला. पडद्यावर एकत्र गाणारी माणसे तबकडीवर भेटलीच नाहीत.

क्रॉस्बीचे आणखी एक कार्य सामान्य श्रोत्यांना फारसे ठाऊक नाही. नभोवाणीचा कार्यक्रम त्या काळी प्रत्यक्ष सादर करावा लागे. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक असल्याने एकच कार्यक्रम दोनदा करावा लागे. त्याला हे जोखड नको होते. कार्यक्रम आधी मुद्रित करून ठेवता आला, तर वेळ आपल्या हाती राहील, असे त्याचे म्हणणे. एन.बी.सी.ने नकार दिला, तेव्हा १९४६ मध्ये तो ए.बी.सी.कडे गेला. पण तबकडीवर मुद्रित केलेला आवाज खरखरीत येई. याच वेळी जॅक म्युलिन हा सैन्यातून परतलेला अभियंता जर्मनीत सापडलेली दोन टेप-यंत्रे सुटे भाग करून पार्सलांनी घरी घेऊन आला होता. १९४७ मध्ये क्रॉस्बीने त्याला कामावर घेतले आणि टेपवरचा कार्यक्रम प्रसारित होऊ लागला. ऐकणाऱ्याला तो प्रत्यक्ष चालला आहे असेच वाटे. अमेरिकन बनावटीची अशी यंत्रे तयार व्हावीत म्हणून त्याने अँपेक्स या छोट्या कंपनीत पन्नास हजार डॉलर गुंतवले. टेप कापता येते, जोडता येते. चुकलेला सूर वगळता येतो, दुसरीकडचा हशा येथे चिकटवता येतो. पुढच्या काळातले सारे ध्वनिमुद्रण या कात्रीवर उभे राहिले.

अशा रीतीने त्याने घड्याळावर विजय मिळवला. वाचलेला वेळ कोठे गेला, हा प्रश्न मात्र उरतो. चित्रपट, ध्वनिमुद्रणे, गोल्फ, घोड्यांच्या शर्यती, शिकार यांतून घराला थोडेच मिळाले. डिक्सीला मद्याचे व्यसन जडले होते. १ नोव्हेंबर १९५२ रोजी ती कर्करोगाने गेली. मागे चार मुलगे होते. आपण मुलांना काम, शिस्त आणि पैसा जास्त दिला, वेळ व लक्ष कमी दिले, असे त्याने पुढे एका मुलाखतीत मोकळेपणाने मान्य केले. त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ मध्ये, थोरला मुलगा गॅरी याने लिहिलेल्या आत्मकथनात बापाच्या मारझोडीची आणि टोचून बोलण्याची कटू हकीकत आली. फिलिप या दुसऱ्या मुलाने ती जाहीरपणे नाकारली. दोघांपैकी कोणाचे किती खरे, याचा निवाडा आपण येथे बसून करू नये. १९५७ मध्ये क्रॉस्बीने कॅथरिन ग्रँटशी दुसरा विवाह केला. त्यांना तीन मुले झाली आणि नाताळच्या दूरदर्शन कार्यक्रमांत हे कुटुंब त्याच्यासोबत दिसू लागले.

सप्टेंबर १९७७ मध्ये असाच एक कार्यक्रम लंडनजवळ चित्रित झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या क्रॉस्बीबरोबर तीस वर्षांचा डेव्हिड बोवी हा रॉक गायक होता. ठरलेले नाताळगीत बोवीला पसंत नव्हते. तेव्हा लेखक-संगीतकारांनी तासा-सव्वातासात त्याच्यासाठी एक नवी ओळ रचली, जी जुन्या गीताला समांतर चालते. दोन पिढ्यांचे ते गाणे दोघांनी थोड्या तालमीनंतर सहज गायले. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, १४ ऑक्टोबर रोजी, माद्रिदजवळच्या मैदानावर गोल्फचा डाव संपवून परतत असताना हृदयविकाराच्या झटक्याने क्रॉस्बी कोसळला. नोव्हेंबरअखेर तो कार्यक्रम प्रसारित झाला, तेव्हा गाणारा या जगात नव्हता. ज्या टेपसाठी तो तीस वर्षांपूर्वी भांडला होता, तिच्यामुळेच हे शक्य झाले.

क्रॉस्बीच्या गाण्यातील जवळीक खरी की यंत्राची किमया, असा प्रश्न कोणी विचारील. खंदकातल्या सैनिकाला ती खरी वाटली आणि तिचा त्याला आधार झाला. गॅरीला तिचा अनुभव आला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. पहिली मानण्यासाठी दुसरी दडपण्याची गरज नाही, आणि दुसरी कळली म्हणून पहिली खोटी ठरत नाही. नाताळ जवळ आला की त्याची जुनी ध्वनिमुद्रणे आजही जगभर वाजू लागतात. घरापासून दूर असलेला कोणीतरी ती ऐकत असतो, आणि त्याच्यापुरता तो आवाज घराचाच असतो.