उद्योगवीर वालचंद

करमाळा, बार्शी, पंढरपूर या गावांचा सोलापूर जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. दूरवर पसरलेली माळराने, ज्वारीची शेते आणि लहरी पाऊस हे त्याचे रूप. अशा या जिल्ह्याच्या एका सुपुत्राने भारताची जहाजे पुन्हा सागरावर आणली. त्यांचे नाव वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म सोलापूर येथे 23 नोव्हेंबर 1882 रोजी झाला. घरी कापसाचा व सावकारीचा पिढीजात धंदा होता. परंतु वालचंदांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या गृहस्थांशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांजवळ भांडवल व धाडस होते. दोहोंचा मेळ बसला आणि धंदा वाढला.

पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विक्रीस निघाले. वालचंदांनी सहकारी जमवून ते विकत घेतले व सिंदिया कंपनी स्थापन केली. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. त्या काळी भारताचा सागरी व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होता. नव्या कंपनीचा पाडाव करण्यासाठी त्यांनी मालवाहतुकीचे दर एकदम उतरवले. त्यांना तोटा सोसणे सोपे होते. सिंदियाला मात्र एकेक दिवस जड जाऊ लागला. कंपनी विकून मोकळे व्हावे, असा मोहही पुढे आला. वालचंद डगमगले नाहीत. 1923 साली तडजोड झाली. तिच्यातील बंधने जाचक होती. पण कंपनी जगली आणि पुढे वाढली.

वालचंदांनी जमिनीवरही नवे जग उभारले. करमाळ्याहून भीमेपलीकडे गेले की इंदापूर तालुका लागतो. तेथील कळंबच्या माळावर त्यांनी उसाचे मळे फुलवले व साखर कारखाना काढला. तेच आजचे वालचंदनगर. माळ होता, नदीचे पाणी होते, कामाच्या शोधात असलेले हात होते. परंतु ही सारी एकत्र आणणारा कोणी नव्हता. विखुरलेली साधने जुळवणे, नफ्याची खात्री नसताना भांडवल घालणे आणि तोट्याचा भार स्वतः उचलणे, हेच उद्योजकाचे कार्य होय. त्यातूनच शेकडो घरांच्या चुली पेटतात.

पुढे 1940 साली बंगळूर येथे विमानांचा आणि 1941 साली विशाखापट्टणम येथे जहाजे बांधण्याचा कारखाना त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. विमानांचा कारखाना सरकारने 1942 साली आपल्या ताब्यात घेतला. हाती वाढवलेले रोप दुसऱ्याच्या अंगणात गेले, तरी वालचंद खचले नाहीत. विशाखापट्टणमला बांधलेले ‘जलउषा’ जहाज 1948 साली पाण्यात उतरले, तेव्हा भारत स्वतंत्र झाला होता.

8 एप्रिल 1953 रोजी वालचंदांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ ज्या दिवशी निघाले, तो 5 एप्रिल भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. माळरानावर वाढलेल्या एका पुरुषाच्या जिद्दीची आठवण त्या दिवसाशी कायमची जोडली गेली आहे.