पॉल लांगरहान्स : विद्यार्थिदशेतला शोध

तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर इन्सुलिन हा शब्द तुमच्या ओळखीचा असेलच. हे इन्सुलिन स्वादुपिंडातील पेशींच्या लहान लहान पुंजक्यांत तयार होते. या पुंजक्यांना ‘लांगरहान्सची बेटे’ म्हणतात. ती प्रथम पाहिली तेव्हा पॉल लांगरहान्स वैद्यकीय विद्यार्थी होते.

त्यांचा जन्म १८४७ साली बर्लिनमध्ये झाला. वडील डॉक्टर होते. शिकत असतानाच त्यांना रुडॉल्फ फिर्शो या नामवंत विकृतिशास्त्रज्ञाच्या संस्थेत काम करायची संधी मिळाली. तिथे त्यांनी मानवी त्वचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. १८६८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी त्वचेतील फांद्यांसारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना त्या मज्जापेशी वाटल्या. प्रत्यक्षात त्या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत, हे कळायला जवळपास शंभर वर्षे लागली.

पुढच्याच वर्षी पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी सशाचे स्वादुपिंड अभ्यासले. पाचकरस बनवणाऱ्या पेशींमध्ये त्यांना वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसले. त्यांचे काम काय, हे त्यांना समजले नाही. तसे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि जे दिसले ते नीट नोंदवून ठेवले.

पुढे ते फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक झाले. पण १८७४ मध्ये क्षयरोगाने गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. हवापालटासाठी ते मदेरा बेटावर गेले. तिथे रुग्ण तपासले, समुद्री कृमींचा अभ्यास केला आणि कृमींच्या एका प्रजातीला आपल्या गुरूंचे, फिर्शो यांचे, नाव दिले. १८८८ मध्ये, एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.

त्या पुंजक्यांना त्यांचे नाव मिळाले १८९३ मध्ये. टोरांटोत बँटिंग आणि त्यांचा तरुण विद्यार्थी-सहकारी बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढण्याचे काम सुरू केले १९२१ मध्ये. यातले काहीच पाहायला लांगरहान्स नव्हते.

तुम्ही एमबीबीएस किंवा बीडीएस करत असाल, तर अशी संधी तुम्हालाही मिळू शकते. आयसीएमआरच्या अल्पकालीन विद्यार्थी योजनेत मार्गदर्शक प्राध्यापकांच्या देखरेखीखाली छोटा संशोधन प्रकल्प करता येतो. आपल्या कॉलेजातील शिक्षकांना विचारून पाहा. प्रत्येक निरीक्षणाचा अर्थ लगेच लागेल असे नाही. पण प्रामाणिकपणे केलेली नोंद पुढे कुणाच्या तरी उपचाराचा पाया ठरू शकते.