वर्ध्याहून निघालेला माणूस

मेसमधून परत आलं की आमच्या हॉस्टेलवर एक विषय हमखास निघतो. जी.आर.ई. कोण देणार, कोणाचा मामा न्यू जर्सीत आहे, विमानाचं तिकीट केवढ्याला! सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. अशाच एका रात्री मी पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव काढलं, तर रूममधल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. मलाही कुठे होतं म्हणा! ‘एक होता कार्व्हर’ आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याच वीणा गवाणकरांनी लिहिलेलं खानखोज्यांचं चरित्र मात्र लायब्ररीत कोऱ्यासारखं पडून होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलो, मराठी पुस्तकाला मला आठवडा लागतो. हे तीन रात्रीत संपलं.

खानखोजे वर्ध्याचे. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा मुलगा लष्करी शिक्षण घ्यायचं म्हणून देशाबाहेर पडला. गंमत म्हणजे पश्चिमेला पोचायला तो पूर्वेकडून गेला. आधी जपान, मग पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्निया. बर्कलेला त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि लष्करी अकादमीतही शिकले. ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना त्यांनी एकत्र केलं. १९१३ साली गदर पार्टी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत हा वऱ्हाडाकडचा मराठी माणूस होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात गदरला जेमतेम चार ओळी असतात, त्यात हे नाव मला तरी दिसलं नव्हतं.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले आणि ब्रिटिश फौजेशी लढले. पुढे बर्लिन, मॉस्को. लेनिनलाही भेटले. पण बंड फसलं होतं आणि भारतात पाऊल ठेवलं असतं तर सरळ अटक. अशा वेळी माणूस खचतो. खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात शिकवू लागले.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. ज्या हातांनी बंदूक धरली त्याच हातांनी ते मक्याची कणसं तपासू लागले. थंडीत आणि दुष्काळात तग धरणारे वाण, एकाच ताटाला जास्त कणसं, असे त्यांचे प्रयोग. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिकोचा मोठा चित्रकार दिएगो रिव्हेरा याने सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांना रंगवलं, जेवणाच्या टेबलाशी भाकरी वाटून देणारा माणूस म्हणून. बेल्जियमच्या जीन सिंडिक यांच्याशी त्यांनी १९३६ साली लग्न केलं. सावित्री आणि माया या मुली मेक्सिकोत वाढल्या. नावं मात्र आपल्याकडची! थोरल्या सावित्रीबाईंनी पुढे वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

देश स्वतंत्र झाला, पण ब्रिटिशांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव तसंच राहिलं होतं. ज्या देशासाठी घर सोडलं, तिथे परत यायलाच अडथळा! हे वाचताना मला खरंच राग आला. शेवटी ते आले, नागपूरला राहिले आणि १९६७ साली तिथेच वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला.

दिवाळीच्या सुट्टीत पोखर्णीला गेलो तेव्हा आजोबांना ही सगळी गोष्ट सांगितली. आमचं गाव म्हणजे नृसिंहाचं देऊळ, रेल्वेचं छोटं स्टेशन आणि सोयाबीन-कापसाची काळी रानं. परभणीच्या विद्यापीठाचं ज्वारीचं बी आजोबांना पक्कं माहीत. त्यांनी लेनिन, गदर सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग विचारलं, ‘‘मका तिकडं पिकवला ते ठीक, पण परत आल्यावर इकडच्या लोकांनी त्याला रान किती दिलं?’’

पुस्तक पुन्हा इश्यू करून आणलंय. शोधतोय.