किड्यांच्या श्वासाचा हिशेब मांडणारा माणूस

पहिला पाऊस पडला की आपल्या बेसाच्या होस्टेलात ट्यूबलाइटभोवती किड्यांची जत्रा भरते. यांना फुप्फुसं नाहीत. बहुतेकांचं रक्तही ऑक्सिजन वाहून नेत नाही. मग पंख मारायला दम येतो कुठून? याचा हिशेब ज्यांनी मांडला, त्या ऑगस्ट क्रोग यांच्याबद्दल मी लिहितोय. नोबेल मिळवणारा हा माणूस मला तर आपल्या वर्कशॉपमधलाच वाटतो.

क्रोग यांचा जन्म १८७४ साली डेन्मार्कमध्ये झाला. वडील जहाजबांधणीतले. लहानपणापासून किड्यांचा नाद. कोपनहेगनला शिकत असताना त्यांनी डासासारख्या एका माशीची पारदर्शक अळी हाती घेतली. तिच्या अंगात हवेच्या इवल्या पिशव्या असतात. पाणबुडीच्या टाक्यांसारख्या त्या अळीला पाण्यात वर-खाली तोलून धरतात, हे त्यांनी दाखवलं. एवढ्याशा हवेची तपासणी करायला यंत्रं कुठली मिळणार? त्यांनी स्वतःच बनवली.

खरी परीक्षा पुढेच होती. त्यांचे गुरू क्रिस्तियान बोर, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या नील्स बोर यांचे वडील. फुप्फुसं ग्रंथीसारखी ऑक्सिजन रक्तात ढकलतात, असं त्यांचं ठाम मत होतं. क्रोग त्यांचेच सहायक! पण क्रोग आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी यांनी मोजमाप केलं, तेव्हा आकडे वेगळंच सांगू लागले. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप पसरतो, तेवढं पुरेसं आहे. ज्यांनी शिकवलं त्यांच्याच विरुद्ध लिहायचं, ही गोष्ट सोपी नव्हती राव. १९१० मध्ये त्यांनी ते सगळं छापलं, पण गुरूंचा मान ठेवून. संबंधांत मात्र अंतर पडलंच आणि १९११ मध्ये बोर वारले.

हाच नियम क्रोग यांनी किड्यांना लावला. किड्याच्या कुशीवर बारीक छिद्रं असतात. तिथून फांद्या फुटत गेलेल्या हवेच्या नळ्या थेट पेशींपर्यंत पोचतात. ऑक्सिजन पाण्यापेक्षा हवेत सुमारे दहा हजार पट वेगानं पसरतो. क्रोग यांनी अळीच्या नळ्यांची लांबी-रुंदी मोजून १९२० मध्ये दाखवलं, की दाबातला थोडासा फरकही शांत बसलेल्या अळीला पुरतो. अळी कात टाकते तेव्हा नळ्यांचं अस्तरही बदलतं, म्हणजे वाढत्या अंगाबरोबर पाइपलाइनही नवी! मोठे उडणारे किडे मात्र पोट आकसून हवा पंप करतात. कोरड्या हवेत छिद्रं मिटून पाणीही वाचवतात. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात ही सोय किती मोलाची, ते वेगळं सांगायला नको.

तापमान वाढलं की शरीरातलं इंधन किती वेगानं जळतं, हेही त्यांनी किड्यांच्या कोशांसह अनेक प्राण्यांवर मोजून १९१४ मध्ये मांडलं. नोबेल मात्र १९२० मध्ये केशवाहिन्यांवरच्या कामाला मिळालं. १९२२ मध्ये ते अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यावर गेले. मारी यांना मधुमेह होता, म्हणून तिथल्या नव्या इन्सुलिनची त्यांनी चौकशी केली आणि ते बनवण्याची परवानगी घेऊनच डेन्मार्कला परतले. कितीतरी रोग्यांचे प्राण त्यामुळे वाचले.

१९४३ मध्ये मारी गेल्या. दुसऱ्या महायुद्धात क्रोग यांना स्वीडनला आसरा घ्यावा लागला. परत आल्यावर, सत्तरी ओलांडलेला हा माणूस पुन्हा किड्यांकडेच वळला. तरुण सहकारी टॉर्केल वाइस-फोग यांच्यासोबत त्यांनी वाळवंटी टोळांना गोल फिरणाऱ्या चक्रावर उडवलं आणि उडताना ते किती ऑक्सिजन घेतात ते मोजलं. लांबच्या उड्डाणात टोळ मुख्यतः चरबी जाळतो, असं दिसून आलं. मे २०२० मध्ये काटोलकडच्या शेतांवर उतरलेली धाड याच टोळांची होती.

१३ सप्टेंबर १९४९ रोजी क्रोग वारले. टोळांवरचा तो लेख १९५१ मध्ये छापून आला, तो त्यांना पाहता आला नाही. गुरू असो की पुस्तक, आदर ठेवावा, पण मोजायचं सोडू नये, एवढं मी त्यांच्याकडून घेतलंय. बघा, तुम्हाला पटतंय का!