बीएमआयचे सूत्र मांडणारे केटले आणि तुमचा वाढता मुलगा

मोबाइलवर मुलाची उंची आणि वजन टाकून तुम्ही बीएमआय काढला असेल, तर त्या आकड्याने घाबरून जाण्याआधी किंवा निश्चिंत होण्याआधी हे सूत्र ज्यांनी मांडले त्यांच्याविषयी थोडे वाचा. ते डॉक्टर नव्हते.

अडॉल्फ केटले यांचा जन्म १७९६ मध्ये आजच्या बेल्जियममधील गेंट शहरात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. शिक्षण संपते न संपते तोच ते गणित शिकवू लागले आणि १८१९ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. ब्रुसेल्सला वेधशाळा उभारायची, म्हणून १८२३ मध्ये ते पॅरिसला खगोलशास्त्र शिकायला गेले. ताऱ्यांच्या अनेक मोजमापांमधून खरी जागा ठरवण्याचे गणित तिथे त्यांच्या हाती आले. तेच गणित माणसांना लावून 'सरासरी माणूस' शोधायचा, असे त्यांनी ठरवले. १८३५ मध्ये त्यांचा माणसाच्या वाढीवरील ग्रंथ निघाला. त्यासाठी त्यांनी तान्ह्या बाळांपासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या उंची-वजनाचे आकडे तपासले होते.

त्यात त्यांना दिसले की वाढ पूर्ण झालेल्या माणसांमध्ये वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपला बीएमआय म्हणजे हेच : किलोतले वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. पण मुलांची वाढ अशी एका चालीने होत नाही, हेही केटले यांनीच लिहून ठेवले. पहिल्या वर्षी वजन झपाट्याने वाढते, मग वेग मंदावतो आणि वयात येताना पुन्हा वाढतो. वाढीच्या संपूर्ण काळासाठी तर त्यांनी वेगळेच समीकरण दिले होते. लठ्ठपणाचे निदान करणे हा त्यांचा हेतूच नव्हता. १८७४ मध्ये ते वारले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेतील अँसेल कीज यांनी हे सूत्र प्रौढ पुरुषांवर तपासले आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. मुले त्या तपासणीत नव्हतीच.

आता दहा वर्षांचे दोन मुलगे घ्या, दोघांचीही उंची १४० सेंटीमीटर. एकाचे वजन ३२ किलो, बीएमआय १६.३. मोठ्यांच्या तक्त्यात हा 'कमी वजन' ठरेल, आणि घरचे त्याला तूप-पावडरी चालू करतील. पण या वयाला तो अगदी नेहमीचा आकडा आहे. दुसऱ्याचे वजन ४२ किलो, बीएमआय २१.४. मोठ्यांच्या तक्त्यात हा 'नॉर्मल', पण दहा वर्षांच्या मुलासाठी जास्त. माझ्याकडे येणारे पालक बहुतेक वेळा पहिल्याची काळजी करतात, दुसऱ्याला मात्र चांगला बाळसेदार म्हणतात.

म्हणून मुलग्यांसाठी असलेला वयानुसारचा तक्ता वापरा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा तक्ता ५ ते १८ वर्षांसाठी आहे. दर सहा महिन्यांनी, बूट काढून, शक्यतो त्याच काट्यावर मोजा आणि तक्त्यावर टिंब द्या. मुलाची रेषा वरच्या किंवा खालच्या पट्ट्यात सरकू लागली, तर तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे या. तोवर जेवण कमी करू नका.