विश्लेषण : निऑन दिवे देणाऱ्या जॉर्ज क्लॉद यांनी खोल समुद्रात नळी का सोडली?

क्युबातील मातान्झास उपसागर, साल १९३०. जवळपास दोन किलोमीटर लांब आणि १.६ मीटर व्यासाची पोलादी नळी समुद्रात उतरवली गेली. आधीच्या दोन नळ्या समुद्राने गिळल्या होत्या. ही टिकली आणि शेकडो मीटर खोलीवरचे थंडगार पाणी किनाऱ्यावर आले. हा खटाटोप होता फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लॉद यांचा, तोही बराचसा स्वतःच्या पैशांतून.

कोण होते क्लॉद?
जन्म १८७० चा, पॅरिसमधला. हवा द्रवरूप करण्याच्या त्यांच्या पद्धतीवर १९०२ मध्ये ‘एअर लिक्विड’ कंपनी उभी राहिली. या प्रक्रियेत निऑन वायूही हाती लागत होता. तो काचेच्या नळीत भरून त्यांनी १९१० च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात लाल उजेड पाडला. जगभरातल्या दुकानांच्या झगमगत्या पाट्या ही त्याचीच पुढची पिढी. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया, म्हणजे खताचा कच्चा माल, बनवण्याची पद्धतही त्यांनी विकसित केली.

नळी कशासाठी?
विजेसाठी. समुद्राचे वरचे पाणी उबदार, खालचे थंड. या फरकावर वीज बनवता येईल, ही कल्पना त्यांचे स्नेही आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८८१ मध्ये मांडली होती. हवेचा दाब खूप कमी केला की कोमट पाणीही उकळते. त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचे आणि खालच्या थंड पाण्याने वाफ पुन्हा थिजवायची. (लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून याच तत्त्वावर पिण्याचे पाणी तयार होते.) मातान्झासमध्ये २२ किलोवॅट वीज निघाली खरी, पण यंत्रणा चालवायलाच त्याहून जास्त लागली. थोड्याच दिवसांत वादळी समुद्राने नळी नेली. पुढे ब्राझीलजवळ जहाजावरून केलेला प्रयत्नही लाटांनी नळी तोडल्याने फसला.

त्या पाण्याचा आज उपयोग काय?
खोल पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट साठलेले असते. पेरूच्या किनाऱ्यावर वाऱ्यामुळे ते आपोआप वर येते, म्हणून तिथे मासळी अमाप. हेच यंत्राने घडवणे म्हणजे कृत्रिम अपवेलिंग. अमोनिया बनवणाऱ्या माणसाच्या नळीतून नैसर्गिक खतच वाहत होते, पण त्यांचा हिशेब किलोवॅटचा होता! नॉर्वेच्या फियॉर्डांमध्ये खोलवर हवेचे बुडबुडे किंवा गोडे पाणी सोडून तळाचे पाणी वर उचलण्याचे प्रयोग झाले. उद्देश होता विषारी शैवाल हटवून निरुपद्रवी शैवाल वाढवण्याचा, म्हणजे शिंपल्यांची शेती सुरक्षित राहील. मात्र सांडपाण्याने आधीच खतावलेल्या खाडीत हाच उपाय उलटू शकतो.

क्लॉद यांचे पुढे काय झाले?
दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मनांशी सहकार्याचा उघड प्रचार केला. फ्रान्स मुक्त होताच विज्ञान अकादमीने त्यांना काढून टाकले आणि १९४५ मध्ये जन्मठेप झाली. काही वर्षांनी सुटका झाली, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. २३ मे १९६० रोजी त्यांचे निधन झाले.