मागणीबरहुकूम चित्रांचे धुरंधर

मुंबईचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी शहरातील गल्लीबोळांवर पुस्तक लिहिले. न्यायखात्यातील अधिकारी सी. ए. किंकेड यांनी आपल्या श्रावणातील कहाण्या इंग्रजीत नेल्या. ऑटो रॉथफील्ड या सनदी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील स्त्रियांवर ग्रंथ रचला. या तिघांनाही चित्रकार हवा होता आणि तिघांनीही एकाच माणसाची निवड केली. तो माणूस म्हणजे सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षक महादेव विश्वनाथ धुरंधर. शाळेची नोकरी सांभाळून पुस्तके, मासिके, पोस्टकार्डे आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यांसाठी चित्रे पुरविण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. मागणी दुसऱ्याची असली तरी त्या चित्रांतील माणसे मात्र धुरंधरांनी स्वतः पाहिलेली होती.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० मध्ये ते जे. जे.मध्ये दाखल झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स तेव्हा शाळेचे प्रमुख होते. समोरची वस्तू वा व्यक्ती नीट न्याहाळल्याशिवाय रेघ ओढायची नाही, ही तिथली शिस्त धुरंधरांच्या हातात कायमची मुरली. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते त्याच शाळेत शिकवू लागले.

यश दारी आले, त्याच सुमारास मुंबईत प्लेगही आला. १८९७ मध्ये त्या साथीने त्यांची पत्नी बापूबाई यांचा बळी घेतला. पुढे गंगूबाईंशी त्यांचा विवाह झाला. घरातील या गृहिणीने पतीसाठी वेळोवेळी मॉडेल म्हणून उभे राहण्याचे कामही केले. पडद्याआडच्या स्त्रीजीवनाचे चित्रण करणाऱ्या कलावंताला हा आधार किती मोलाचा होता, हे त्या काळाची चौकट ध्यानात घेतली म्हणजे कळते. परक्या घरातील स्त्री चित्रकारासमोर तासन् तास बसणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. धुरंधरांच्या चित्रांतील पदर सावरण्याची, कंबरेवर घागर तोलण्याची, मान किंचित वळविण्याची जी सहजता आहे, तिचे मूळ या घरगुती अभ्यासात सापडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी छपाईचे तंत्र झपाट्याने बदलत होते. शिळाप्रेसबरोबर ठशांची छपाई आली आणि चित्र स्वस्तात घरोघर पोहोचू लागले. प्रत्येक तंत्राची मागणी वेगळी असे. रेषाठशासाठी काळ्या शाईची स्वच्छ, न तुटणारी रेघ लागे. जाळीच्या ठशासाठी छायाप्रकाश ठळक ठेवावा लागे, नाहीतर छापताना सारे राखाडी होऊन जाई. रंगीत पानासाठी जलरंगाचे थर हलके ठेवणे भाग पडे. पोस्टकार्डाच्या तळहाताएवढ्या जागेत तर एकाच हावभावातून गंमत उभी करायची असे. धुरंधरांनी ही सारी अंगे हाताळली. त्यांचा खरा साठा मात्र होता तो रेखाटनवह्यांचा. रस्त्यात, बाजारात, प्रवासात दिसलेली माणसे ते टिपून ठेवीत. रोजनिशी लिहिण्याचीही त्यांना सवय होती. काम हाती आले की कोळणीचे लुगडे कसे कसलेले असते किंवा पगडीचा घेर केवढा असतो, हे आठवणीवर सोडावे लागत नसे.

एडवर्ड्स यांचे पुस्तक १९१२ मध्ये निघाले. मोहरम, अफूचा अड्डा अशा रात्रीच्या मुंबईला त्यात धुरंधरांनी चेहरे दिले. १९१४ मध्ये किंकेड यांच्या कहाण्या लंडनहून प्रसिद्ध झाल्या. मराठी घरांत पाटावर बसून ऐकलेल्या गोष्टी परदेशी मुलांसमोर गेल्या, त्या धुरंधरांच्या लुगड्या-चोळीतल्या राण्यांसह. गुजराती मासिकसृष्टीत नवे पर्व सुरू करणाऱ्या हाजी महंमद अल्लारखिया यांच्या 'वीसमी सदी'लाही त्यांच्या कुंचल्याचा लाभ झाला.

रॉथफील्ड यांच्या १९२० मधील ग्रंथातील ४८ चित्रे ही या साऱ्यांत अधिक कसोटीची. ग्रंथाची मांडणी जाती-जमातींच्या वर्गवारीची होती. राज्यकर्त्यांना प्रजेचे नमुने हवे होते. प्रत्येक पानावर एक पोशाख, एक जात, एक प्रांत. कुणी सामान्य चित्रकार असता तर बाहुल्यांची रांग मांडून मोकळा झाला असता. धुरंधरांनी पोशाखाचा तपशील चोख दिला, पण त्या वस्त्रांच्या आत जिवंत बाई उभी केली. कुणाच्या चेहऱ्यावर थकवा आहे, कुणाच्या नजरेत मिस्कीलपणा, तर कुणी आपल्याकडे पाहायलाही तयार नाही. नमुना मागणाऱ्याच्या हाती त्यांनी माणूस ठेवला.

या कामाची किंमत त्यांना मोजावी लागली. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांच्या अनुयायांनी पाश्चात्त्य पद्धतीपासून फारकत घेतली, तेव्हा मुंबईची वास्तववादी चित्रकला अनुकरणाची ठरविली गेली. पुढच्या आधुनिक पिढीने पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्याला कलावंत मानताना हात आखडता घेतला. धुरंधरांनी आपली वाट सोडली नाही. नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या सजावटीचे काम आले, तेव्हा विधिमंत्र्यांच्या दालनासाठी त्यांनी हिंदू व मुस्लिम कायद्यांतील प्रसंग रंगविले. कायद्याच्या कोरड्या कलमांमधून त्यांनी घरातले क्षण वेचले.

१९३० मध्ये काही काळ ते जे. जे.चे हंगामी संचालक झाले. त्या पदाचा कारभार पाहणारे ते पहिले भारतीय. कायमचे संचालकपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले आणि विद्यार्थी म्हणून आल्यापासूनचा हिशेब त्यांनी १९४० मध्ये 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मचरित्रात मांडला. खारच्या 'अंबासदन'मध्ये त्यांचे अखेरचे दिवस गेले. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईतील लोकांवरचे, त्यांच्या चित्रांनी सजलेले आणखी एक इंग्रजी पुस्तक त्याच वर्षीचे आहे.

कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे.मध्ये शिकून चित्रकार झाल्या. वडिलांचा ठेवा त्यांनी २००९ मधील आपल्या मृत्यूपर्यंत जिवापाड जपला. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा भव्य तैलचित्रांच्या शेजारी पोस्टकार्डे आणि पुस्तकांतील चित्रेही मानाने मांडली होती. ज्या ग्रंथांसाठी ती काढली, त्यांतील बरीचशी मते आज कालबाह्य झाली आहेत. पाने उलटली जातात ती चित्रांसाठी. दारात उभी असलेली ती स्त्री, बाजारातला तो हमाल आणि भरल्या टोपलीनिशी निघालेली कोळीण यांना पाहण्यासाठी.